मक्त्याचे वैरी आमचे भाऊजी

आदिलाबादपासून पैनगंगेच्या घाटापर्यंतच्या मुलखात एकटी असलेली एकही वस्तू माझ्या भाऊजींनी सुखानं एकटी राहू दिली नाही. एक न्हावी दिसला की त्यांना दुसरा हवा असे, एक दवाखाना दिसला की दुसरा. आणि एखाद्या गावात एकच पिंपळ असला तर त्याच्याकडेही ते अशा नजरेनं बघत की हा सावलीचा भाव वाढवतो आहे की काय. भाऊजींना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात, मीही बोलणार आहे. पण ते होते तोवर मी त्यांच्यावर जितका जळलो तितका दुसऱ्या कुणावर जळलो नाही, आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा मधूनमधून करपट वास आला तर वाचकांनी सोसून घ्यावा.

त्यांची दाढी एक न्हावी करी आणि डोकं दुसरा. दाढी आटोपली की गालावरची तुरटी वाळायच्या आत ते दुसऱ्या न्हाव्यापुढे जाऊन बसत आणि विचारत, "पाहा बरं, त्यानं हनुवटीखाली कसं काम केलं?" दुसरा अर्थातच चुकचुके, आणि मग त्याची कात्री जरा जास्तच काळजीनं चाले. घरी दूध दोन गवळ्यांकडून येई. दोघं एकाच वेळी दारात यावेत अशी त्यांनी व्यवस्था केली होती. दोघांच्या दुधाचा एकेक थेंब ते आपल्या दोन अंगठ्यांच्या नखांवर घेत आणि अंगठे उभे धरत. कुणाचा थेंब आधी ओघळतो हे दोन्ही गवळी श्वास रोखून बघत. ताप आला तर सकाळी वैद्याचा काढा, संध्याकाळी डॉक्टरचं मिक्श्चर, आणि एकाची बातमी दुसऱ्याला पोचवण्याचं काम ते तापातही स्वतःच करत. मोटार स्टँडावर चहाची दोन दुकानं होती. एकाचा कप हातात धरून ते दुसऱ्याच्या दुकानासमोर उभं राहून चहा पीत. देवाधर्मातही तेच. एकदा त्यांनी एकच नवस मारुतीलाही बोलला आणि महादेवालाही. अक्का घाबरून म्हणाली, "अवो, देवाले राग येईल न!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "येऊ दे. पन काम लवकर होईल."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई मी लहान असतानाच गेली. वडील कापसाच्या अडतीवर मुनीम होते आणि घरी असले तरी अडतीवरच असत. मला अक्कानं वाढवलं. मी शिकून शाळेत मास्तर होईपर्यंत तिनं लग्नाचं नाव काढू दिलं नाही, आणि तोवर आमच्याकडच्या रीतीनं तिचं वय लग्नापलीकडे गेल्यात जमा होतं. तिच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, आमच्या बाजूच्या मुलींना मराठी शाळा नव्हती, त्यामुळे तिला वाचता येत नसे. दिवेलागणीनंतर ती सुपात ज्वारी निवडायला बसे आणि मी तिला वाचून दाखवी. ती संध्याकाळ माझी होती. तिच्यात दुसरं कुणी येईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग पैनगंगेच्या काठच्या एका कापूस-ज्वारीवाल्या घरातलं, तहसील कचेरीत अहलकार म्हणून, म्हणजे कारकुनीवर असलेलं एक उंच, सडपातळ, बोलघेवडं स्थळ आलं, आणि अक्का हो म्हणाली.

लग्नात आमच्याकडचे एक भटजी होते, त्यांच्याकडचे एक होते, हे रीतीला धरूनच झालं. भाऊजींनी आयत्या वेळी तिसरे आणले. त्यांचा हिशेब असा की दोन्हीकडच्या भटजींची आधीपासून ओळख आहे, ते आपसांत मिळून विधी उरकतील. तिसरा बाहेरचा असला की दोघंही जपून राहतील. झालं उलटं. तिघांना चढाओढीचा असा जोर चढला की मंगलाष्टकं संपेचनात. एकानं सूर चढवला की दुसरा वरून घेई, आणि तिसरा कुठून कुठून नवी कडवी काढी. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरू लागले, पंगतीतलं वरण निवलं. पुढे कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाचं पागोटं घ्यायचं, एवढा तो गमतीचा विधी. मी कान गमतीत पिळला नाही. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ते हसतच माझ्या कानाशी पुटपुटले, "पिळा, मास्तर, पिळा. मक्ता सुटताना त्रास होतेच."

मक्ता हा त्यांच्या कचेरीतला शब्द. एखाद्या धंद्याचा हक्क सरकार एकट्याला देई, तो मक्ता: ताडीचा मक्ता, बाजाराचा मक्ता, नदीच्या घाटावरच्या नावेचा मक्ता. दरसाल त्यांचे लिलाव होत आणि लिलावाचे कागद भाऊजी लिहीत. बोली लावणारे आदल्या दिवशीच एका चिंचेखाली बसून यंदा कुणाची पाळी ते ठरवत, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन एकमेकांशी खोटंखोटं भांडत, हे वर्षानुवर्षं बघून त्यांचं डोकं तापलेलं होतं. त्यात तेल ओतलं एका पुस्तकानं. तरुणपणी ते हैदराबादेत कॉलेजात वर्षभर काढून परत आले होते आणि येताना अर्थशास्त्राचं एक जाड पुस्तक घेऊन आले होते. गावच्या कोनाड्यात त्याला वाळवी लागली. बँका गेल्या, परदेशी व्यापार गेला, मजुरी आणि लोकसंख्या गेली; वाळवीनं शिल्लक ठेवलं ते मक्तेदारीचं एक प्रकरण. त्यामुळे अर्थशास्त्रातल्या बाकी कुठल्याही गोष्टीवर भाऊजींना काही मत नव्हतं, आणि मक्तेदारीवर मात्र त्यांच्याइतकं मत बाळगणारा माणूस अख्ख्या निजामशाहीत नसेल.

ते प्रकरण त्यांनी मला शिकवलं ते पैनगंगेच्या वाळूत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही तिघं बैलगाडीनं त्यांच्या गावी गेलो होतो आणि पलीकडच्या बाजाराला जायचं म्हणून घाटावर आलो होतो. त्या घाटावर एकच नाव होती आणि तिच्या म्हाताऱ्या नाववाल्यानं त्या दिवाळीत उतराई, म्हणजे नदीपार नेण्याचं भाडं, वाढवलं होतं.

"मास्तर, यानं भाव काऊन वाढवला, सांगा."

"लोभ," मी म्हणालो. मला ते बोलणं संपवायचं होतं.

"लोभ तर मलेबी हाय अन् तुमालेबी हाय. लोभानं भाव वाढत नाही. दुसरी नाव नाही म्हनून वाढते." मग त्यांनी बोट दाखवलं. दूरच्या गावची एक बाई वांग्यांची टोपली घेऊन वाळूत बसली होती. ती नाववाल्याशी हुज्जत घालून थकली होती आणि आता परत फिरायच्या विचारात होती. "ते बाई पाहा. आता ते घरी जाईल. नाववाल्याचं काही गेलं का? नाही, बाकीच्यायनं जास्त देल्लं. सरकारचं गेलं का? नाही, मक्त्याचे पैसे आधीच भरले. पन तिची वांगी इकडं सडतीन, अन् तिकडच्या बाजारात कोनाले तरी ते वांगी पायजेच व्हती. हे जे बुडलं न, मास्तर, हे कोनाच्याच खिशात गेलं नाही. चोरी झाली असती तं चोराच्या तरी पोटात गेलं असतं!"

हे मला समजलं, आणि पटलंही. इतिहासाच्या मास्तराला इतकं सोपं करून सांगता येत नाही, म्हणून रागही आला. मी काहीतरी उत्तर जुळवत होतो तोवर अक्का गाडीतून उतरून त्या बाईपाशी गेली होती. ती अख्खी टोपली घेऊन परत आली.

"हे काय केलं?" भाऊजींनी विचारलं.

"वांगी ताजी हायेत."

"पन हे पुस्तकात नाही!"

"मंग पुस्तकात लिवा," अक्का म्हणाली आणि गाडीत चढली. भाऊजी तिच्याकडे असे बघत राहिले की मी तोंड फिरवून नदीकडे पाहिलं. दिवाळीभर आम्ही वांगी खाल्ली.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील झालं. निजामाचं हाली शिक्का हे नाणं जाऊन नवे रुपये आले, कचेरीतली उर्दू हळूहळू मागं सरली आणि साहेब भराभर बदलू लागले. कुणाला कशाची परवानगी कोण देतो हे काही काळ कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्या गोंधळात भाऊजींनी आयुष्यातलं सर्वांत मोठं काम साधलं: आपल्या गावच्या घाटावर दुसऱ्या नावेला मंजुरी मिळवली. नवा नाववाला त्यांनी स्वतः पलीकडच्या काठावरून शोधून आणला. पहिल्या दिवशी नारळ फोडला, अक्कानं दोन्ही नावांना कुंकू लावलं, आणि भाऊजी आता भाव कसा कोसळतो ते बघायला काठावर उकिडवे बसले.

नवी नाव रिकामीच उभी राहिली. नव्याची उतराई कमी होती, नाव कोरी होती, बसायला फळी गुळगुळीत होती. तरी लोक येत आणि मान खाली घालून म्हाताऱ्याच्याच नावेत चढत. भाऊजींनी एकाला अडवून विचारलं तर तो म्हणाला, "म्हाताऱ्याले वाईट वाटंल न, सायेब. माह्या बापाले यानंच नेलं-आनलं." काठच्या गावांची आणखी एक रीत होती. तिथले लोक नाववाल्याला रोजची उतराई देत नसत, सुगीला खळ्यावरून ज्वारी देत. सुगी आली तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याला नेहमीची ज्वारी दिली. आणि नवा बिचारा रोज रिकामा उभा राहतो, त्यालाही काही द्यायला हवं म्हणून थोडी त्यालाही दिली. म्हणजे दुसरी नाव आल्यानं गावाचा खर्च वाढला. एवढ्यावर थांबलं असतं तरी भाऊजींनी सोसलं असतं. पण उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा काठावर एकच नाव दिसली, आणि वाटसरूंची उतराई पूर्वीपेक्षाही वर गेली होती.

"तुमी दोघायनं ठरवून भाव वाढवला?" भाऊजींनी म्हाताऱ्याला विचारलं. त्यांचा आवाज चिरकला होता.

"ठरवलं म्हन्जे काय, सायेब, वाळूत बसून तंबाखू खाल्ली. त्याच्याबी घरी खानारी तोंडं हायेत न. एका नावेवर दोन घरं चालवाची, मंग थोडं वाढवाच लागते."

"अन् दुसरी नाव कुठं हाय?"

"आज माही पाळी, उद्या त्याची. भांडन नाही, तंटा नाही. बाकी तुमचाच आशीर्वाद, सायेब."

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर येरझारा घालत मला म्हणाले, "चुकलं, मास्तर. दुसरी नाव आनून भागत नाही. दोन नाववाल्यायनं तंबाखू खाताना भावाची गोष्ट काढाची नाही, असा कायदा पायजे. देशाचा कायदा!"

आतून अक्काचा आवाज आला, "अन् दोघायले तंबाखू एकाच दुकानातून घेऊ देऊ नका."

"ऐका!" भाऊजी उजळून म्हणाले. "हिले समजलं. तुमाले समजलं का?" मला त्या वेळी एवढंच समजलं की तिनं केलेली थट्टाही आता त्यांच्या मालकीची झाली होती. पुढे पहिली निवडणूक आली तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मक्तेदारीविरुद्ध कायदा करणार का, म्हणून विचारत. एका उमेदवाराला काहीच कळेना. हा मनुष्य घाटाबद्दल बोलतो आहे एवढं ओळखून तो म्हणाला, "आम्ही नदीवर पूल बांधू." भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "एक का दोन?"

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी त्यांचा सर्वांत जास्त हेवा केला. लग्नानंतरही माझं वाचन चालू होतं. भाऊजींनी आदिलाबादेत घर भाड्यानं घेतलं होतं, माझी खोली शाळेजवळ होती; शाळा सुटली की वाचनालयातून पुस्तक घेऊन मी अक्काकडे जाई. मी वाचायचो ते माझ्या आवडीचं असे: थोरांची चरित्रं, बखरी, निबंध. अक्का ज्वारी निवडत मान डोलवी. ती तल्लीन होते असं मी समजत होतो. भाऊजी ओसरीवरून हे बघत. एके दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, तिले हे आवडते का?"

"तिलाच विचारा ना."

"तिनं दुसरं काही ऐकलंच नाही. ते काय सांगंल?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर माझ्या जागेवर भाऊजी बसले होते. हातात विनोदी गोष्टींचं एक फाटकं पुस्तक. त्यांचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळे देवनागरी ते ओळीखाली बोट धरून वाचत. मध्येच थांबून "थांब, इथं काही तरी गडबड हाय" म्हणत आणि मागं जात. गोष्टीतल्या सावकाराला त्यांनी आपल्या तहसीलदाराचा आवाज दिला होता, सावकाराच्या बायकोला त्यांच्या दोन गवळ्यांपैकी एकाचा. पान फाटलेलं आलं तेव्हा शेवट मनानंच करून टाकला, आणि त्यात सावकाराला नदीत पाडलं. अक्का हसली. सूप खाली ठेवून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं मी तिला वाचून दाखवलं होतं; ती अशी हसते हे मला ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी निघालो आणि माझी खोली केव्हा मागं पडली ते कळलं नाही. शहराबाहेर, मावला गावाच्या वाटेवर, एका गाडीवानानं "कुठं चालले, गुरुजी?" म्हणून हटकलं तेव्हा भानावर आलो.

मग आमची जुंपली. थोरांची चरित्रं मी परत केली आणि वाचनालयवाल्याकडे हळूच भुताखेतांची, चोरापोलिसांची पुस्तकं मागू लागलो. आवाज बदलून वाचायचा सराव वर्गात केला. पानिपतच्या धड्यात मी घोड्यासारखा खिंकाळलो तेव्हा मुलं थक्क झाली. अक्का आम्हा दोघांनाही झुलवी. "काल त्यायनं दरोडेखोराची वाचली. तू काय आनलं, बाबू?" असं ती बाजारात भाजी बघावी तसं विचारी, आणि नावडलं तर सरळ आत निघून जाई. मी रात्रंदिवस तिला काय आवडेल याचा विचार करू लागलो. पूर्वी असा विचार मी कधी केला नव्हता. "पाहा, गिऱ्हाईकाची कशी चैन झाली," भाऊजी म्हणत. दमून जाऊन मी एकदा त्यांना सुचवलं की आपण वार वाटून घेऊ, आठवड्यातले थोडे तुमचे, थोडे माझे. त्यांनी माझ्याकडे दुःखानं पाहिलं. "मास्तर, तुमीबी वाळूत बसून तंबाखू खाऊ लागले?"

आणि मग एका संध्याकाळी मी नवं पुस्तक घेऊन गेलो तर दोघांपैकी कोणीच वाचत नव्हतं. अक्का पाटी मांडीवर घेऊन अक्षर गिरवत होती आणि भाऊजी तिच्या बाजूला उकिडवे बसून, जीभ ओठांत धरून, तिच्या पेन्सिलीबरोबर मान वळवत होते. मी दारातच उभा राहिलो. मी मास्तर. गावातल्या निम्म्या मुलांना मी अक्षरं शिकवली होती.

"हे कशाला?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "आपण दोघं आहोत ना वाचायला?"

"तेच तं," भाऊजी म्हणाले. "आपन दोघं म्हन्जे दोनच नावा. तिले पोहता आलं पायजे."

अक्का पाटीवरून मान न काढता म्हणाली, "बाबू, दारात काऊन उभा हायेस? उजेड अडते."

वर्षभरात ती वाचू लागली. ओठ हलवत, हळू, पण स्वतःच्या मनानं. आवडेल ते पान दोनदा आणि नावडेल ते गाळून. आम्ही दोघं ओसरीवर धंदा बसलेल्या दुकानदारांसारखे बसून राहायचो. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला की दोघंही एकदम मान वळवून बघत असू की कशाला हसली. भाऊजी खूश असत. मी कुढत असे, कारण आता ती ज्या प्रत्येक अक्षराला हसे ते तिला त्यांनी दिलेलं होतं.

मग राज्यांची फेररचना आली. किनवट मुंबई राज्यात गेलं, राजुरा गेलं, आदिलाबाद आंध्रात आलं, आणि कचेरीतल्या मराठी माणसांना कुठं जायचं ते विचारण्यात आलं. मी धसकलो. भाऊजी तिकडे गेले तर अक्काही जाणार होती. त्या दिवसांत मी त्यांच्याशी इतका गोड वागलो की त्यांना संशय आला. भाऊजींना मात्र वाटत होतं की ही त्यांच्या आयुष्यातली सोन्याची संधी आहे: दोन राज्यं आणि एक अहलकार. "घाई काऊन कराची? दोघंबी बोली लावतीन," ते म्हणत आणि उत्तर पुढं ढकलत. कोणीही बोली लावली नाही. मुदत टळली आणि ते होते तिथेच, आंध्रात, राहिले. तेलुगूची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा त्यांनी एक शिकवणारा सोडून दोन ठेवले. मी त्या आनंदात दोघांनाही चहा पाजला.

गेल्या हिवाळ्याच्या आधी त्यांना कावीळ झाली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, गुडीहत्नूरचा एक उतारा देणाराही झाला. कुणाचंच चाललं नाही. शेवटी त्यांना गावी नेलं. एका दुपारी अक्का आत गेलेली असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"मास्तर, तुमच्या एकट्याच्या हातात तिले देऊन जावं, हे मले पटत नाही."

मला राग आला. अशा वेळीही. "मी तिला नीट सांभाळीन, भाऊजी."

"सांभाळान. पन तुमाले इचारनारं कोनी राहनार नाही न." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी बराच वेळ त्यांच्या हातावर हात ठेवून बसलो होतो, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी सांगितली. अक्का माझ्याकडे येणार हे मी धरूनच चाललो होतो. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. मधली वर्षं सोडली तर आताही दोघंच. पण तिचा दीर, भाऊजींचा धाकटा भाऊ, गाडीसमोर येऊन उभा राहिला. तो शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. भाऊजींचं काहीच त्याच्यात नव्हतं, फक्त उंची होती.

"वैनी इथं राहतीन," तो म्हणाला.

"ती माझी बहीण आहे."

"माही वैनी हाय."

"तिला शहराची सवय झाली आहे. पुस्तकं लागतात तिला."

"पुस्तकं आनू. गाय हाय, वावर हाय. तिच्यासाठी वेगळी खोली काढतो. खिडकी नदीकडं." मग तो जरा घुटमळला, आणि खाली बघत बोलला, "दादानं सांगून ठेवलं व्हतं. मास्तर न्याले येतीन, म्हने. सहजासहजी देजो नको."

अक्का दाराच्या चौकटीला टेकून आमचं ऐकत होती. पांढरं कपाळ, डोळे सुजलेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"तुह्या खोलीले खिडकी हाय का रे, बाबू?" तिनं विचारलं.

खिडकी होती, तिच्यासमोर पुस्तकांचं कपाट होतं. मी म्हणालो, "काढतो कपाट."

"काढ मंग," ती म्हणाली. "कापूस निंघेपर्यंत मी इथं राहतो. उन्हाळ्यात तुह्याकडं येतो. मंग पाहू, कुठं बरं वाटते."

त्या हिवाळ्यात मी कपाट हलवलं, खोलीला चुना दिला, ज्वारीची भाकरी थापायला शिकलो. गावाकडून येणाऱ्या माणसांकडे चौकशी करून दिरानं काय काय केलं ते काढून घेई. त्यानं नदीकडची खिडकी खरंच पाडली. खोलीपुढं ओटाही बांधला. मग मी एक आरामखुर्ची घेतली. हे सगळं मी चुरशीनं करतो, पण खरं सांगतो, त्यात जीव रमत नाही. दीर चांगला माणूस आहे. तो मला उलट उत्तर देत नाही, माझी चूक दाखवत नाही, माझ्याकडे दुःखानं बघत नाही. ज्याच्यावर जळावं असा माणूस पुन्हा भेटायचा नाही.

उन्हाळा लागला तशी अक्का आली. पहिल्या संध्याकाळी ती खिडकीशी खुर्चीत बसून वाचत होती, ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून. त्यांच्यासारखंच. मी समोर माझ्या कॉटवर बसून वह्या तपासत होतो. मध्येच ती हसली. हसता हसता तिनं मान वर केली, कुणाला तरी सांगावं तशी, आणि तिची नजर माझ्याकडे आली नाही. माझ्या शेजारी, कॉटवरच्या मोकळ्या जागेवर गेली. क्षणभरच. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ऐकतो का, बाबू? लई मजा हाय." मी ऐकतो म्हणालो. ती वाचू लागली. मी जरा सरकून त्या जागेवर बसू शकलो असतो. बसलो नाही.